वाळलेल्या कुरडया पुन्हा उन्हात

गहू भिजत घालून तिसरा दिवस झाला की त्याला आंबूस वास सुटतो. रोज पाणी बदललं तरी तो येतोच. लातूरला आम्ही खोली केली आहे, तिथल्या घरमालकीणबाईंनी चार दिवसांमागं जिन्याखाली दोन पातेली झाकून ठेवली. परवा दुपारी तो वास जिन्यानं वर आला आणि आमच्या खोलीत शिरला. रुचिता पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "कुरडया." सोनीही म्हणाली, "कुरडया." मी उठून दार लावलं. पण उन्हाळ्याच्या दिवसांत दार लावून किती वेळ बसणार? थोड्या वेळानं उघडलं.

रुचिता माझी धाकटी. तिची बारावीची परीक्षा झाली, आता डॉक्टरकीच्या प्रवेशाची राहिली आहे. तिच्या जेवणाखाण्यासाठी मी नांदेडचं घर सोडून इथं आले. या गल्लीत माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. सकाळी सहाला सायकली वाजायला लागतात, पाठीवर दप्तर घेतलेल्या मुली चालता चालता ओठ हलवत पाठ करतात, आणि खिडक्याखिडक्यांतून त्यांच्या आयांच्या फोडण्यांचा वास येतो. मोठी मुलगी सोनाली, आमची सोनी, माझ्यासोबतच असते. दुपारी रुचिता क्लासला गेली आणि सोनी झोपली की मी रुचिताच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं घेऊन बसते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात शाळाच तेवढी होती. जोडाक्षर आलं की पेन अजून अडतं. पण कुणाला दाखवायचं नाही असं एकदा ठरवलं की हात चालतो.

कुरडयांचा वास आला की मला एकच उन्हाळा आठवतो. सहा वर्षं झाली त्याला. तशा मी कुरडया दरवर्षी करते, त्या दरवर्षी चांगल्याच होतात. पण बाकीचे उन्हाळे एकात एक मिसळून गेलेत. तो एक तेवढा वेगळा राहिला आहे.

तेव्हा आम्ही नांदेडच्या घरी सहा जण होतो. मी, मुलींचे पप्पा, ते सरकारी ऑफिसात शिपाई आहेत, माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणते, नणंद अर्चना आणि माझ्या दोन मुली. सोनी पंधरा वर्षांची होती, रुचिता सहावीत. दोन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. सोनी तीन महिन्यांची असताना डॉक्टरांनी कागदावर 'डाऊन सिंड्रोम' असं लिहून दिलं होतं. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी विचारलं, औषध किती दिवस द्यायचं? डॉक्टर म्हणाले, हा आजार नाही, ती अशीच राहणार, हळूहळू शिकेल. ती हळूहळू शिकली. चालायला उशिरा, बोलायला त्याहून उशिरा. तिचं बोलणं घरच्यांना कळतं, बाहेरच्यांना निम्मं कळत नाही. पाणी भरते, भांडी लावते, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालते. आणि तिला पाहुणे फार आवडतात. कुणी दारात आलं की "या, बसा" म्हणणारी घरात ती पहिली.

त्या वर्षी घरात पाहुणेच पाहुणे होते. अर्चनाला अठ्ठाविसावं लागलं होतं. तिला पाहायला येत होते.

थंडी सरता सरता धर्माबादकडचे लोक आले. सोनीनं नेहमीसारखं पाणी दिलं. मग मुलाच्या आईशेजारी जाऊन बसली, त्यांच्या हातातल्या बांगड्या एकेक करून पाहिल्या आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या बाई नुसत्या आखडून बसल्या. आठ दिवसांनी मध्यस्थ आले. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "मुलगी पसंत हाय हो. पण घरात ते असं लेकरू हाय म्हणल्यावर त्यांना जरा फिकीर वाटून राहिली. उद्या हिच्या पोटीबी..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. अर्चना आत चपात्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

आमच्या घरी महत्त्वाच्या गोष्टी कधीच बोलून ठरल्या नाहीत.

चैत्रात ऊन कडक झालं तशा मी कुरडया घातल्या. पहाटे चीक शिजवला, गच्चीवर जुनी नऊवारी अंथरली, अर्चना सोऱ्या फिरवायची आणि मी गोल नीट करायची. सोनी आणि रुचिता वाटीत गरम चीक साखर घालून खात बसल्या. त्याच दिवशी दहाच्या सुमाराला निरोप आला की दुपारी पाहुणे येत आहेत. मामी मला म्हणाल्या, "पोरगी वर ऱ्हाऊ दे. चिमण्या लई झाल्यात औंदा. वाळवणाला कुणीतरी राखण पाहिजेच."

यात खोटं काही नव्हतं. वाळवणाला राखण लागतेच. चिमण्या येतात, कावळे येतात, शेजारची शेळी जिन्यानं चढून येते. सोनी हातात काठी घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली. काम मिळालं म्हणून खूश होती. पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. त्यांचाही नकार आला, पण त्याचं कारण वेगळं निघालं.

कुरडया दोन दिवसांत वाळल्या. मी डब्यात भरल्या, झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला.

पंधरवड्यानं आणखी एक स्थळ आलं. त्या दिवशी वाळत घालण्यासारखं घरात काही नव्हतं. मी ओटा पुसत होते. पुसता पुसता माझं लक्ष फळीवर गेलं. मी स्टूल घेतलं, डबा काढला, वर गेले, साडी अंथरली आणि वाळलेल्या कुरडया एकेक करून परत उन्हात मांडल्या. मग खाली येऊन म्हणाले, "सोनी, वर जा गं. कुरडयांकडं बघ." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामीही बोलल्या नव्हत्या. माझं मलाच सुचलं होतं.

एकदा सुचलं की ते सोपं होतं. मुलींच्या पप्पांच्या ऑफिसातले साहेब लग्नाची पत्रिका द्यायला आले, तेव्हाही मी डबा काढला. तिथं कुणाचं स्थळ अडत नव्हतं. साहेब दहा मिनिटं बसून चहा पिऊन गेले. सोनी वर दोन तास होती, कारण तिला खाली बोलवायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

रुचिताला तेव्हा गुप्तहेरांच्या पुस्तकांचं वेड लागलं होतं. विहारातल्या वाचनालयातून ती एका वेळी दोन दोन आणायची. ती टाकून उंडारायला गेली की दुपारी मी वाचायची. मोठ्या अक्षरातली असत, मला बरं पडायचं. त्या सगळ्या पुस्तकांत चार-पाच मुलं असायची, बहुतेक भावंडंच, त्यांना अख्खी सुट्टी मोकळी असायची आणि घरातलं कुणी त्यांना पाणी भरून ठेवा असं सांगायचं नाही. ती मामाच्या गावाला जात, जुन्या वाड्यात भुयार सापडे, पावलांचे ठसे दिसत आणि शेवटी चोर पकडला जाई. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. चोर नेहमी बाहेरचा असायचा. नवा माळी, नवा भाडेकरू, गालावर व्रण असलेला माणूस. घरातलं माणूस कधीच चोर निघायचं नाही. त्यामुळं वाचताना भीती वाटली तरी शेवटी झोप छान लागायची.

रुचितानं एकदा जेवता जेवता विचारलं, "आई, या पुस्तकातल्या पोरांना सगळ्यांनाच भराभर बोलता कसं काय येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकाच्याबी घरी ताईसारखी ताई न्हाई."

मी म्हणाले, "असंल की. लिहिणाऱ्याला ठाऊक नसंल."

"मग मी लिहिते."

शाळेनं सुट्टीत एक गोष्ट लिहून आणायला सांगितली होती, हस्तलिखितासाठी. रुचिताला रहस्यकथा लिहायची होती. त्यासाठी ती घरभर चौकशी करत फिरायला लागली. कानावर पेन्सिल, हातात वही.

"आज्जी, रविवारी दुपारी चार वाजता तू कुठं होतीस?"

"कुठं असणार? हितंच. माझे गुडघे मला कुठं जाऊ देत्यात?"

"काही संशयास्पद दिसलं का?"

"दिसलं की. माझा अडकित्ता जागेवर नव्हता. तुझ्या बापाला विचार."

अर्चनाला विचारलं तर ती म्हणाली, "मला कामून विचारती बाई? मी तर पोह्याची बशी घेऊन उभी असते. सगळं जग माझ्याकडं बघतं, मला कुणाकडं बघायला मिळत न्हाई." ती असं हसत हसत बोलायची. तिच्या हसण्याला तेव्हा मी भुलत असे.

मग रुचिता सोनीच्या मागं लागली. दोघी संध्याकाळी गच्चीवर बसून कुजबुजायच्या. मी कपडे काढायला वर गेले की गप्प व्हायच्या. एकदा मी विचारलं, तर रुचिता म्हणाली, "ताई गुप्तहेर हाय माझ्या गोष्टीत. ती सगळं बघती. तिला कुणी विचारत न्हाई, म्हणून ती सांगत न्हाई." सोनीनं मान हलवली, अगदी गंभीरपणे.

हे खरं आहे. सोनी बघते. आता लातूरच्या या गल्लीतही तिला सगळ्या मुलींच्या चपला ओळखू येतात. कुणाच्या पट्ट्याला दोरा बांधलेला आहे, कोण टाच घासत चालते. कुणी आलं की चेहऱ्याच्या आधी ती पायांकडं बघते. घरमालकीणबाईंकडं काल चार बाया कुरडया पाडायला येणार होत्या. त्यांच्या चपला दाराशी पाहूनच तिनं मला येऊन सांगितलं, एक कमी आली आहे.

मे महिन्यात एका दुपारी सगळे झोपले होते. मामी आतल्या खोलीत, मुली पंख्याखाली. रुचिताची वही तिच्या उशीखालून निम्मी बाहेर आली होती. मी ती सारखी करायला गेले आणि घेऊन स्वयंपाकघरात बसले. कुणाची वही अशी वाचू नये, हे मला कळत होतं.

पहिलंच वाक्य होतं : "ती एक भयाण दुपार होती." आमच्या दोन खोल्यांचा तिनं बंगला केला होता. बंगल्यात एक आजीबाई, एक आत्या, एक आई, एक बाबा, एक हुशार धाकटी बहीण आणि गुप्तहेर ताई. मी बोट ठेवून वाचत होते. मला हसू येत होतं.

"बंगल्यात पाहुणे आले की ताई गायब व्हायची! कुणालाच कळत नव्हतं की असे का होते. शेवटी ताईने स्वतःच हा शोध घ्यायचे ठरवले. पहिला पुरावा, चपला. गच्चीवरून ताईला दारातल्या चपला दिसतात. कधी सहा जोड, कधी नऊ जोड, एकदा फक्त एक जोड काळे बूट. दुसरा पुरावा, कुरडई. ताईने कुरडई ओठाला लावून पाहिली. ओली कुरडई ओठाला गार लागते. ही गार लागली नाही. मग तिने ती मोडली. कट्ट असा आवाज आला. ताई म्हणाली, ही तर वाळलेली आहे! वाळलेली कुरडई परत वाळत कोण घालते?"

माझं हसू कुठं थांबलं ते मला सांगता येणार नाही. मी पुढं वाचत राहिले. अक्षर सुबक होतं. "मग ताईने वार आठवले. ज्या दिवशी चपला, त्या दिवशी कुरडया. चपला नाहीत तेव्हा कुरडया डब्यात. आता सर्व उलगडा झाला. कुरडयांना उन्हाची गरज नव्हती. त्या ताईसाठी वर नेल्या होत्या. आणि या सर्व कटाचा सूत्रधार दुसरे तिसरे कोणी नसून"

पुढं काही नव्हतं. म्हणजे काहीतरी लिहून रबरानं खोडलेलं होतं. तिथं कागद इतका घासला होता की खालच्या पानाची रेघ दिसत होती.

मी वही होती तशी ठेवली. चहा ठेवला. मामी उठल्या, त्यांना चहा दिला. त्या म्हणाल्या, "साखर घालायची इसरली." मी परत जाऊन साखर घातली.

चार दिवसांनी लातूरचे पाहुणे येणार होते. आतापर्यंतच्यात हे सगळ्यांत चांगलं स्थळ होतं. मुलगा शाळेत क्लार्क, घरात थोडी माणसं. अर्चनानं त्या आठवड्यात दोनदा साडी बदलून पाहिली. मला म्हणाली, "वहिनी, ही निळी बरी का ती मोतिया?" तिनं असं याआधी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मोतिया.

त्या सकाळी घर झाडून झालं, चादरी बदलल्या. अकरा वाजता मामींनी बाजेवरून हाक मारली. "सुमन, वाळवण टाकलीस का वर?"

मी दारात उभी होते. लग्न होऊन सतरा वर्षं झाली होती, मामींना उलट उत्तर मी कधी दिलं नव्हतं. उत्तरच फारसं दिलं नव्हतं. मी म्हणाले, "वाळलंय."

"ते ठाऊक हाय मला."

"वाळलंय, मामी. डब्यात हाय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी खाली बघत राहिले. मग त्या कुशीवर वळल्या. एवढंच झालं. लिहायला घेतलं तर दोन ओळींत संपतं.

पाहुणे सहा जण आले. सोनी दारात होती. "या, बसा." तिनं सगळ्यांना पाणी दिलं. मुलाला देताना त्याच्या पायांकडं बघून म्हणाली, "तुटली." त्याच्या चपलेचा अंगठा खरंच तुटलेला होता, तो पाय आत ओढून बसला होता. तो लाजून हसला. मला वाटलं, जमतंय. मग मुलाच्या मावशीनं सरळ विचारलं, "हिला काय झालंय?"

पोह्याची बशी घेऊन अर्चना आत आली होती. तीच म्हणाली, "काही झालं न्हाई तिला. माझी भाची हाय ती, थोरली."

"हाव का," मावशी म्हणाल्या. पोहे छान झाले आहेत म्हणाल्या.

नकार चौथ्या दिवशी आला. मुलाला इतक्यात करायचं नाही असं कारण सांगितलं. दिवाळीनंतर त्याचं लग्न झाल्याचं कळलं.

मामी माझ्याशी वीस-बावीस दिवस बोलल्या नाहीत. मी समोर असले तरी रुचिताला सांगायच्या, "तुझ्या आईला म्हणावं, वरणात मीठ न्हाई." रुचिता जागची न हलता मला म्हणायची, "आई, वरणात मीठ न्हाई." सोनीला यात मोठी गंमत वाटायची. तीही तिसऱ्यांदा सांगायची. मुलींचे पप्पा मला एवढंच म्हणाले, "एक दिवस गेला असता तर काय बिघडलं असतं?" एक दिवस म्हणावा तर तो एकच दिवस होता, हे बरोबर होतं.

मला डाचत होतं ते निराळंच. तोंडातून शब्द फुटला म्हणून मी मनात थोडी ताठ झाले होते, आणि त्याची झळ बसली अर्चनाला. मी तिला विचारलं नव्हतं. सोनी माझी, लाज माझी, ती लाज टाकून द्यायचा दिवस मी निवडला तो अर्चनाचा होता. पुस्तकातल्यासारखा इथं निकाल लागत नाही. अजूनही मी कधी कधी ते सगळं मांडून बघते आणि मला अजूनही नीट सांगता येत नाही की मी काय करायला पाहिजे होतं.

एका संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले तर अर्चना टाकीला टेकून बसली होती. सोनी तिच्या मांडीवर पाय टाकून झोपली होती. मी म्हणाले, "अर्चना, माझं चुकलं. तुला इचारायला पाहिजे होतं."

ती बराच वेळ सोनीच्या पायाची बोटं ओढत बसली. मग म्हणाली, "इचारलं असतं तर मी वाळत घाला म्हणाले असते, वहिनी."

"मग?"

"मग काय? बरं झालं इचारलं न्हाई." सोनीचा पाय सारखा करत म्हणाली, "रागबी लई आला तुमचा. अजून हाय. जाईल हळूहळू."

तिचा राग गेला का, मी विचारलं नाही. तीन वर्षांनी उदगीरकडं तिचं लग्न झालं. त्या तीन वर्षांत जितके पाहुणे आले तितक्यांना सोनीनं पाणी दिलं, आणि दर वेळी पाणी द्यायला तिला हाक मारली ती अर्चनानं. मी नव्हे. मी तेव्हा आत पोहे परतत असायची.

जून आला. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रुचिता वह्यांना कव्हर घालत बसली होती. गोष्टीची वही पुढ्यात उघडी होती. मी भाजी निवडत होते.

ती म्हणाली, "आई, माझ्या गोष्टीचा शेवट राहिलाय. गुन्हेगार कोण करू? मांजर करू का?"

मी म्हणाले, "मांजर डबा उघडतं का?"

"मग नवा भाडेकरू करते."

सोनी कव्हरचे कागद पुसत होती. ती म्हणाली, "भाडेकरू न्हाई." आमच्याकडं भाडेकरू नव्हताच.

रुचिता माझ्याकडं बघेना. ती कव्हराची कड दुमडत होती, परत उलगडत होती. तिला बारावं वर्ष चालू होतं. तिनं सगळं शोधून काढलं होतं आणि आता ते झाकायला ती माझ्यासाठी मांजर शोधत होती. मी हात पदराला पुसले. तिची पेन्सिल घेतली. जिथं कागद घासून पातळ झाला होता, तिथं लिहिलं, 'आई'. दोनच अक्षरं, जोडाक्षर नाही. तरी वाकडी आली. रुचितानं ती अक्षरं मनातल्या मनात वाचली, वही मिटली आणि दप्तरात ठेवली.

आठवड्यानं शाळेतून निरोप आला, बाईंनी आईला बोलावलं आहे. मी रुचिताच्या शाळेत फार तर दोनदा गेले असेन, तेही फाटकापर्यंत. सोनीला तर कधीच नेलं नव्हतं. मामींचे गुडघे दुखत होते, त्या झोपल्या होत्या, अर्चना बाजारात गेली होती. सोनीला घरी एकटं ठेवायचं किंवा घेऊन जायचं. मी तिची वेणी घातली, तिला जयंतीला घेतलेला पांढरा ड्रेस घातला आणि निघाले. वाटेत ती तीनदा म्हणाली, "शाळा." आम्ही गेलो तेव्हा मधली सुट्टी होती. मैदानातली पोरं थांबून बघायला लागली. माझा हात आपसूक तिला मागं ओढायला गेला. तो मी पदरात धरून ठेवला.

बाई वयानं लहान होत्या, रुचिताच्या मराठीच्या. त्यांनी वही पुढं उघडून ठेवली. "गोष्ट मी हस्तलिखितात घेणार आहे," त्या म्हणाल्या. "पण एक विचारायचं होतं. हा शेवटचा शब्द रुचिताच्या अक्षरातला नाही. कुणी लिहिला?"

मी फरशीकडं बघत होते. सोनीनं हात वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "तू ती ताई का? गुप्तहेर?"

सोनीनं मान हलवली.

"मग मला नीट सांग बरं, काय काय झालं ते."

असं तिला आजवर घराबाहेरच्या कुणी विचारलं नव्हतं. तिनं खुर्चीत जरा पुढं सरकून सांगायला सुरुवात केली. हात हलवत, भराभर, मध्येच श्वास घेत. बाई वाकून ऐकत होत्या. त्यांना काही कळत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या माझ्याकडं वळल्या. "काय म्हणतेय ती?"

मला शब्दन् शब्द कळत होता. खोलीत आणखी दोघी शिक्षिका डबा खात होत्या, त्यांचेही हात थांबले होते. मी म्हणू शकले असते की काही नाही, अशीच बडबडते ती.

"ती म्हणतीय," मी म्हणाले, "वर लई ऊन होतं."

सोनी थांबली होती, माझं सांगून होईपर्यंत. मग तिनं पुढचं सांगितलं, आणि मी ते बाईंना सांगितलं.